ओठ का सुजतो?

मुलांनो, समजा, एके दिवशी सकाळी तुम्ही आरशात पाहिले आणि तुमचा ओठ सुजून जाड झालेला दिसला. घरातले म्हणतील, "रात्री काहीतरी चावले असेल." दोन दिवसांत सूज उतरली. पण महिन्याभराने पुन्हा तसेच झाले तर? मग कारण शोधायलाच हवे.

त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपला की अशी सूज येते. ओठ, पापण्या व जीभ चटकन सुजतात. सूज दिसायला सारखीच असते; पण तिची कारणे निरनिराळी असतात. म्हणून डॉक्टर आधी प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न : अंगाला खाज सुटते का? लाल गांधी उठतात का? तसे असेल, तर शरीरातील हिस्टामिन हा पदार्थ बहुधा कारणीभूत असतो. शेंगदाणे, अंडी, मासे, एखादे औषध किंवा मधमाशीचा दंश कोणाकोणाला सोसत नाही. यालाच ॲलर्जी म्हणतात.

दुसरा प्रश्न : कोणती औषधे चालू आहेत? एनालाप्रिल, रामिप्रिल या रक्तदाबावरील गोळ्यांमुळे काहींचे ओठ व जीभ सुजते. गोळी सुरू करून कित्येक महिने झाल्यावरही असे होऊ शकते. तेव्हा दादाजानची गोळी जुनी आहे, म्हणून ती निर्दोष, असे समजू नका. मात्र ती बदलण्याचे काम डॉक्टरांचे आहे.

तिसरा प्रश्न : घरात आणखी कोणाला असे होते का? १८८८ मध्ये विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या सुजेचे वर्णन केले. तिचे कारण १९६३ मध्ये कळले. अशा माणसांच्या रक्तातील एक प्रथिन कमी असते किंवा नीट काम करत नाही. या सुजेला खाज नसते. कधी पोटातही तीव्र कळा येतात. ॲलर्जीच्या गोळीने ती उतरत नाही. तिचे औषध वेगळे असते. रक्त तपासून हा आजार ओळखता येतो.

एक गोष्ट कधीही विसरू नका. आवाज घोगरा झाला, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर सूज घशात पोहोचली असे समजा आणि लगेच रुग्णालय गाठा.

एरवी दवाखान्यात जाईपर्यंत सूज उतरलेली असते. म्हणून तारीख, वेळ, खाल्लेले पदार्थ आणि घेतलेली औषधे वहीत लिहून ठेवा. उतरलेली सूज डॉक्टरांना दिसत नाही. तिची हकीकत तुम्हीच सांगू शकता.