बाल्टिकचा कॉड खुजा का झाला?

लहानपणी नाक दाबून कॉडलिव्हर ऑइल प्यायलेल्या पिढीला कॉड या माशाचे नाव तरी ठाऊक असते. युरोपात हा घराघरातला मासा. पांढऱ्या मांसाचा, थोराड, एकेकाळी मीटरभर लांबीचाही सापडणारा. डेन्मार्क, स्वीडन, पोलंड यांच्या मधोमध पसरलेल्या बाल्टिक समुद्रात मात्र हाच कॉड आज जेमतेम वीतभर झाला की वयात येतो. १९९०च्या दशकात त्यासाठी तो याच्या दुप्पट लांबीचा व्हावा लागे.

याचे कारण माशाच्या कानात सापडले. तेथे चुन्याचा एक खडा असतो आणि झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्षागणिक वलये त्यावर उमटतात. जर्मनीतील कीलच्या संशोधकांनी १९९६ ते २०१९ या काळात धरलेल्या दीडशेवर कॉडचे खडे वाचले, जनुकेही तपासली. २०२५ साली त्यांनी जाहीर केले, की माशाची पूर्ण वाढीची लांबी जवळजवळ निम्म्यावर आली आहे आणि ती केवळ उपासमारीने नव्हे. वाणच बदलले आहे.

शेतकरी उत्तम कणसे बियाण्यासाठी राखून ठेवतो. बाल्टिकमध्ये नेमके उलटे घडले. भराभर वाढणारा मासा जाळ्यात लवकर अडकला, खुजा आसांतून निसटला आणि त्याचीच प्रजा पुढे चालली. पिल्ले सोडा, मोठे धरा, हा नियम कागदावर किती शहाणपणाचा वाटतो!

मात्र सारा दोष जाळ्याचाच नाही. बाल्टिक हा एक चमत्कारिक समुद्र आहे. नद्यांचे गोडे पाणी वर तरंगते, खारे पाणी तळाशी बसते आणि दोन्ही सहसा मिसळत नाहीत. कॉडची अंडी तरंगायला पुरेसे मीठ लागते, ते खोलवरच मिळते. पण शेतातली खते आणि शहरांचे सांडपाणी यांनी शेवाळ माजते, ते कुजताना तळाचा प्राणवायू संपतो. म्हणजे वर मीठ नाही आणि खाली श्वास नाही. डेन्मार्कच्या सामुद्रधुनीतून उत्तर समुद्राचे ताजे पाणी मोठ्या लोटाने आत शिरले तरच तळ पुन्हा श्वास घेतो. असे लोट क्वचितच येतात. डिसेंबर २०१४ मध्ये फार मोठा आला. पण त्याचा गुणही फार टिकला नाही. भरीस भर म्हणून सीलची संख्या वाढली आणि त्यांच्यापासून येणारे जंत कॉडच्या यकृतात घर करू लागले. (कॉडलिव्हर ऑइल आठवले ना?)

१९८०च्या दशकाच्या मध्यात पूर्व बाल्टिकमधून वर्षाला साडेतीन लाख टनांहून अधिक कॉड निघत असे. बोर्नहोल्म बेटावरची आणि पोलंडच्या किनाऱ्यावरची बंदरे त्यावर पोसली. जुलै २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने तातडीची बंदी घातली. २०२० पासून दुसऱ्या माशांबरोबर चुकून जाळ्यात येणाऱ्या कॉडपुरताच कोटा उरला. कोळ्यांची तक्रार अशी, की खते टाकली शेतकऱ्यांनी आणि होड्या मोडीत निघाल्या आमच्या. ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. शिवाय कॉडचे खाद्य असलेले स्प्रॅट नावाचे लहान मासे टनांनी धरले जातात. त्यांच्यातले बरेचसे माणसाच्या ताटात न जाता मत्स्यचूर्ण होऊन शेतीतल्या माशांना भरवले जातात.

बंदीने मासे परत येतात, याला युरोपातच दाखला आहे. उत्तर समुद्रातल्या हेरिंगची धरपकड १९७७ साली थांबवली, आणि काही वर्षांत तो सावरला. कॉडच्या बाबतीत मात्र इतकी वर्षे जाळी आवरूनही तशी चिन्हे दिसलेली नाहीत. हेरिंगची संख्या घटली होती, ती भरून निघाली. इथे झपाट्याने वाढणारे वाणच विरळ झाले आहे, आणि जाळ्यांनी काही दशकांत जे निवडून काढले ते निसर्ग त्याच वेगाने परत घडवील, असे कीलच्या संशोधकांनाही वाटत नाही.