तंबूच्या जागेचे आगाऊ आरक्षण आणि इसाराची रक्कम

मुक्कामासाठी तंबूची जागा आगाऊ राखून ठेवणाऱ्या प्रवाशाकडून काही रक्कम आधी घ्यावी किंवा कसे, हा प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु मावळ तालुक्यात पवना जलाशयाच्या परिसरात ज्या लहान व्यावसायिकांचे उत्पन्न मुख्यतः शनिवारच्या एका रात्रीवर अवलंबून असते, त्यांच्या दृष्टीने तो वर्षाच्या जमाखर्चाचा प्रश्न आहे. उलटपक्षी, घरात आजारपण उद्भवल्यामुळे ज्या कुटुंबास ऐनवेळी बेत रद्द करावा लागतो आणि भरलेली रक्कम समूळ गमवावी लागते, त्याच्या दृष्टीने तो न्यायाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार करून इसाराचे नेमके कार्य कोणते, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

इसार आणि अनामत

आगाऊ रक्कम घेण्याची रीत आपणांस नवी नाही. मंडपवाला, वाजंत्रीवाले यांना विसार देऊन तारीख पक्की करण्याचा प्रघात सर्वांच्या परिचयाचा आहे. घराच्या किंवा जमिनीच्या व्यवहारात इसारपावती होते. अन्यत्र ‘बयाणा’ हा शब्द योजतात. भाड्याच्या घरासाठी घेतात ती मात्र ‘अनामत’ होय. या शब्दांत भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. इसार हा व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून दिला जातो व व्यवहार पुरा होताच किमतीत वळता होतो. अनामत ही नुकसानीच्या भरपाईसाठी हमी म्हणून ठेवलेली असते व नुकसान न झाल्यास ती परत करावयाची असते. कॅम्पचे चालक ‘आगाऊ रक्कम’ या एकाच नावाखाली या दोन्ही गोष्टी एकत्र करतात, आणि पुष्कळशा तक्रारींचे मूळ येथेच असते.

प्राचीन रोमन विधीतही इसाराचा विचार झालेला आढळतो. सहाव्या शतकातील जस्टिनियन बादशहाच्या विधिसंहितेनुसार, इसार देणाऱ्याने खरेदी करण्याचे नाकारल्यास तो इसार गमावीत असे; पण घेणाराच माघार घेईल तर त्याने दुप्पट रक्कम परत करावयाची असे. म्हणजे इसाराचे बंधन उभयपक्षी होते. आजच्या व्यवहारात यातील पहिला अर्धा भाग तेवढा शिल्लक राहिला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रिकाम्या रात्रीचे अर्थशास्त्र

तंबूची जागा ही अर्थशास्त्रीय दृष्ट्या अत्यंत नाशवंत वस्तू आहे. न विकलेले धान्य उद्या विकता येते. शनिवारची न विकलेली रात्र रविवारी विकता येत नाही. शिवाय जागा राखली की चालक दुसऱ्या गिऱ्हाइकास नकार देतो. सांगून न येणाऱ्या प्रवाशामुळे त्याचे दुहेरी नुकसान होते : आलेला गेला आणि येणारा परतविला.

विमान कंपन्या या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी आसनांहून अधिक तिकिटे विकतात. सर्वच उतारू आले तर काहींना भरपाई देऊन दुसऱ्या विमानाने पाठवितात. कॅम्पच्या चालकास हा मार्ग मोकळा नाही. रात्री आठ वाजता मुलाबाळांसह दारात उभ्या राहिलेल्या कुटुंबास ‘जागा नाही’ असे सांगून डोंगरातल्या रस्त्याने माघारी धाडणे हे व्यवहार्य नाही आणि माणुसकीसही धरून नाही. यास्तव त्याच्या हाती इसाराचेच साधन उरते.

हा इसार किती असावा, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका तंबूचे एका रात्रीचे भाडे जेवणासह १,००० रुपये आहे आणि प्रवासी न आल्यास त्यातील ३०० रुपयांचा शिधा-सामग्रीचा खर्च वाचतो, असे मानू. जागा रिकामी राहिल्यास चालकाचे खरे नुकसान १,००० रुपये नसून ७०० रुपये आहे. आता प्रवाशाने दहा दिवस आधी कळविले आणि जागा पुन्हा भरण्याचा संभव शेकडा ९० असला, तर अपेक्षित नुकसान ७० रुपये होते. तीन दिवस आधी कळविले व हा संभव शेकडा ५० असला, तर ते ३५० रुपये होते. त्याच दिवशी सकाळी कळविल्यास, संभव शेकडा १० धरून, ते ६३० रुपयांवर जाते. मुळीच न कळविल्यास पूर्ण ७०० रुपयांचे नुकसान होते.

या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की संपूर्ण भाडे जप्त करणे कोणत्याही टप्प्यावर समर्थनीय ठरत नाही. दुसरी अधिक महत्त्वाची : नुकसान प्रवाशाच्या न येण्याने जेवढे होते, त्याहून त्याने उशिरा कळविल्याने अधिक होते. चालकास खरी उणीव भासते ती पैशाची नव्हे, तर वेळेवर मिळणाऱ्या वार्तेची.

परत न मिळणाऱ्या रकमेचा दोष

येथे एका रूढ समजुतीचे निराकरण करणे आवश्यक आहे. ‘आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ अशी अट घातली म्हणजे आपले हित सुरक्षित झाले, असे अनेक चालकांस वाटते. परंतु ज्या क्षणी प्रवाशाचा बेत मोडतो, त्या क्षणापासून ही अट चालकाच्याच विरुद्ध काम करू लागते. कळविले काय किंवा न कळविले काय, पैसे जायचे ते गेलेच. मग कळविण्याची तसदी तो कशास घेईल? जागा रिकामी राहते आणि ज्याला ती हवी होती तो दुसरीकडे जातो. अशी अट बेफिकीर नोंदणीस आळा घालते हे खरे. पण बेत मोडल्यानंतरची वार्ता मात्र ती दडवून ठेवते.

अमेरिकेतील संघीय वनांत व राष्ट्रीय उद्यानांत तंबूच्या जागा राखून ठेवण्याची जी सामाईक व्यवस्था आहे, तिचे सर्वसाधारण नियम या दृष्टीने उद्बोधक आहेत. तेथे भाडे आधीच भरावे लागते. पुरेशा अवधीने आरक्षण रद्द केल्यास १० डॉलरांचे शुल्क कापून बाकीची रक्कम परत करतात. आगमनाच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी रद्द केल्यास या शुल्काबरोबर पहिल्या रात्रीचे भाडेही जाते. न कळविता गैरहजर राहिल्यास शुल्क २० डॉलर होते आणि पहिल्या रात्रीचे भाडे जातेच. म्हणजे अगदी शेवटच्या दिवशीदेखील कळविणाऱ्यास १० डॉलर वाचविण्याचे कारण उरते. तथापि त्या व्यवस्थेतही आरक्षित जागा रिकाम्या राहण्याची तक्रार आहेच. मागणी मोठी आणि भाडे अल्प असले म्हणजे एवढासा फरक पुरेसा ठरत नाही, हाच त्यापासून घ्यावयाचा बोध होय.

विधीची भूमिका

भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ७४ अन्वये करारभंगासाठी आधीच ठरविलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. तिच्या आत राहून वाजवी भरपाई तेवढीच मिळू शकते. मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार या १९६९ च्या निर्णयात बटाटे, अंडी, मासे इत्यादींच्या पुरवठ्यासाठी ठेवलेली १८,५०० रुपयांची रक्कम सरकारने जप्त केली होती. ती रक्कम इसार नसून हमीची अनामत आहे आणि सरकारने नुकसान सिद्ध केलेले नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने जप्ती अमान्य केली.

२०१५ मधील कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निर्णय आपल्या विषयास अधिक जवळचा आहे. १९८२ च्या लिलावातील ३.१२ कोटी रुपयांच्या बोलीपोटी घेतलेले ७८ लाख रुपये प्राधिकरणाने जप्त केले आणि तोच भूखंड पुढे ११.७८ कोटींना विकला. जेथे हानीच झाली नाही तेथे इसारही राखून ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. व्यवहार कोटींचा असला तरी त्यातील तत्त्व तंबूच्या जागेसही लागू पडते : सोडलेली जागा त्याच भाड्याने दुसऱ्यास दिल्यावर पहिल्याचे पैसे ठेवून घेण्यास आधार उरत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याने अवाजवी अनामत मागणारा, हानीशी अगदी विसंगत असा दंड लादणारा, किंवा सबळ कारणाविना एका पक्षास करार मोडण्याची मुभा देणारा करार ‘अन्याय्य करार’ या संज्ञेत घातला आहे. मात्र अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे नव्हे, तर राज्य वा राष्ट्रीय आयोगापुढे करावी लागते. पाचशे रुपयांसाठी तेथवर कोण जाणार? म्हणून अशा लहान व्यवहारांतील न्याय न्यायालयापेक्षा आरंभीच स्पष्ट लिहिलेल्या अटींवर अधिक अवलंबून असतो.

चालकाकडून होणारा भंग

प्रवासी येऊ शकला नाही तर काय, याचा विचार पुष्कळ होतो. चालकच जागा देऊ शकला नाही तर काय, याचा क्वचितच होतो. जुलै २०२४ मध्ये, भुशी धरण परिसरातील दुर्घटनेनंतर, मावळातील अनेक पर्यटनस्थळी प्रतिबंधात्मक आदेश लागू झाले होते. करारानंतर आलेल्या अशा बंदीमुळे मुक्काम बेकायदेशीर ठरला, तर करार अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे करार शून्य होतो आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. येथे दोष कोणाचाच नसतो; म्हणून इसार पूर्ण परत करणे एवढेच कर्तव्य उरते. परंतु अधिक भाडे देणारा मोठा समूह मिळाला म्हणून आधीच्या कुटुंबाची जागा काढून घेणाऱ्या चालकाने केवळ इसार परत करणे पुरेसे नाही. अशा प्रसंगी रोमन विधीतील दुपटीचा नियम आजही न्याय्य वाटतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की तंबूच्या जागेसाठी इसार घेणे योग्यच आहे. पण तो खऱ्या अर्थाने इसार असावा. त्याची रक्कम संपूर्ण भाड्याइतकी नसावी. परतावा कळविण्याच्या अवधीनुसार टप्प्याटप्प्याने कमी व्हावा, आणि शेवटच्या घटकेसही कळविणाऱ्यास काही ना काही परत मिळावे. जागा पुन्हा त्याच भाड्याने भरल्यास घेतलेली रक्कम परत द्यावी. आणि जे बंधन प्रवाशावर, तेच चालकावरही असावे. इसार हा न येणाऱ्यास केलेला दंड नव्हे. वेळेवर कळविणाऱ्यास दिलेले ते प्रोत्साहन होय. ही दृष्टी ठेवून अटी लिहिल्या, तर शनिवारच्या रिकाम्या तंबूंची संख्या घटेल आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसास बुडालेल्या पैशांचा हिशेब करीत बसावे लागणार नाही.