दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हवाई मार्ग : अंतर आणि प्रवासकाल यांचा परस्परसंबंध

अंतर वाढले की प्रवासाचा वेळ त्याच प्रमाणात वाढतो, ही समजूत रस्ते व लोहमार्ग यांच्या बाबतीत बहुतांशी ग्राह्य ठरते. हवाई प्रवासास मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हा मार्ग या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

पॅसिफिक महासागर मध्यभागी असलेल्या मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर ही दोन शहरे सरळ रेषेने जोडल्यास ती रेषा चीन व दक्षिण जपानवरून जाते आणि तिची प्रत्यक्ष लांबी सुमारे १५,००० कि.मी. भरते. परंतु गोलावरील किमान अंतर बृहद्वृत्ताच्या कंसाने मोजावयाचे असते. ते येथे सुमारे १२,३८० कि.मी. आहे. हा कंस दिल्लीहून उत्तर-ईशान्येस निघतो, सायबेरिया ओलांडून सुमारे ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून विद्यार्थ्यांना हे क्षणार्धात दाखविता येते. नकाशावरून कितीही समजावले तरी ते पटत नाही.

वेळेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष ठरतो. प्रवासकाल मात्र जमिनीच्या सापेक्ष वेगावर अवलंबून असतो. मध्य अक्षांशांत साधारण ९ ते १२ कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० कि.मी.हूनही अधिक होतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकवरून जाणारा सुमारे १३,९०० कि.मी.चा नेहमीचा मार्ग सोडून पॅसिफिकवरून विमान नेले. त्या विमानाने सुमारे १५,३०० कि.मी. अंतर साडेचौदा तासांत कापले, म्हणजे सरासरी वेग ताशी १,०५५ कि.मी. पडला. अंतर १,४०० कि.मी.ने वाढूनही वेळ सुमारे दोन तासांनी घटला, तो मागून लाभलेल्या वाऱ्यामुळे. पृथ्वी विमानाखालून फिरत असल्यामुळे असे घडते, हे उत्तरपत्रिकांत हमखास आढळणारे स्पष्टीकरण चुकीचे आहे. वातावरणही पृथ्वीसमवेतच फिरते.

वेळापत्रकातील वेळा स्थानिक असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेबारा, तर हिवाळ्यात साडेतेरा तास असते. उन्हाळ्यात पहाटे ४ वाजता निघून साडेचौदा तास उडालेले विमान त्याच तारखेस सकाळी सहाला उतरेल. कागदोपत्री प्रवास दोन तासांचाच दिसेल.

याखेरीज आकाशालाही सीमा असतात. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्याने दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले. भारतीय कंपन्यांना ते खुले राहिल्याने बृहद्वृत्ताला जवळचा मार्ग त्यांना वापरता आला. त्या सवलतीची दुसरी बाजू ६ जून २०२३ रोजी दिसली. इंजिनातील बिघाडामुळे एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेले विमान अतिपूर्व रशियातील मगदान येथे उतरले आणि २१६ प्रवाशांना, दुसरे विमान येईपर्यंत, त्या दूरस्थ गावी मुक्काम करावा लागला.