कागदावर अडलेली अ‍ॅडमिशन

तळोज्यातून कॉलेजला जाणाऱ्यांचा सकाळचा रूट पाठ असतो. पेंधरला मेट्रो पकडायची, बेलापूरला उतरायचं, धावत जाऊन हार्बर लोकलमध्ये घुसायचं. मग कुणी चेंबूरला विवेकानंद एज्युकेशन सोसायटीच्या कॉलेजात, कुणी चर्चगेटच्या जय हिंद किंवा केसीत, कुणी वांद्र्याच्या नॅशनलमध्ये. तुमच्यापैकी कित्येक जण यातल्याच एखाद्या कॉलेजच्या कट्ट्यावर बसून हे पान वाचत असतील. मग एक सांगा, या चारही कॉलेजांत सारखं काय आहे?

कॅन्टीनमधला सामोसा हे उत्तर चालणार नाही! ही चारही कॉलेजं फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभी केलेली आहेत.

कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजमधल्या काही प्राध्यापकांना फाळणीनंतर मुंबई गाठावी लागली. त्यांनी १९४८ मध्ये जय हिंद कॉलेज सुरू केलं. सिंधमधल्या हैदराबादला १९२२ पासून एक नॅशनल कॉलेज होतं. ते तिथंच राहिलं, पण त्याचे प्राचार्य के. एम. कुंदनानी इकडे आले आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणींच्या साथीनं त्यांनी १९४९ मध्ये वांद्र्याला पुन्हा नॅशनल कॉलेज काढलं. त्याच मंडळानं १९५४ मध्ये केसी सुरू केलं. आज आपण ज्याला एचएसएनसी युनिव्हर्सिटी म्हणतो, त्यातल्या 'एचएस'चा अर्थ हैदराबाद, सिंध असा आहे. चेंबूरचे हशू अडवाणी हेही सिंधमधूनच आलेले. त्यांनी १९६२ मध्ये विवेकानंद एज्युकेशन सोसायटी काढली. आणि पंचानंदहून दिव्याची गाडी पकडून, तिथं बदलून उल्हासनगरच्या सीएचएम कॉलेजला जाणाऱ्यांनो, तुमचं तर अख्खं शहरच कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेला निर्वासितांचा कॅम्प होता. उल्हासनगर हे नाव त्याला १९४९ मध्ये मिळालं.

राहायला धड घर नाही, गाव सुटलेलं, आणि ही माणसं कॉलेज काढायच्या मागे लागली. का, याचं उत्तर सोपं आहे. जमीन, दुकान, हवेली सीमेपलीकडे राहिली होती. सोबत नेता येईल आणि कुणाला हिसकावून घेता येणार नाही अशी एकच इस्टेट उरली होती, ती म्हणजे शिक्षण.

शंभरातले सात

आता आजच्या काळात या. युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे घर सोडावं लागलेल्या माणसांचा जगभरातला आकडा २०२४ च्या अखेरीस १२ कोटींच्या पुढे होता. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास एवढीच आहे. यातले बरेच जण आपल्याच देशात विस्थापित झालेले असतात. देशाची सीमा ओलांडून दुसरीकडे आसरा घ्यावा लागतो ते निर्वासित.

या निर्वासितांत कॉलेजच्या वयाची जी मुलंमुली आहेत, त्यांच्यातली किती कॉलेजात पोचतात? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेनं, म्हणजे यूएनएचसीआरनं, २०२३ मध्ये दिलेला आकडा शंभरात ७ असा होता. भारतात सगळ्या तरुणांसाठी हेच प्रमाण २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार २८.४ टक्के आहे. निर्वासितांचा आकडा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचा, असं यूएनएचसीआरनं ठरवलंय. काही वर्षांपूर्वी तो जेमतेम १ टक्का होता, म्हणजे गाडी हलली आहे हे नक्की.

मग बाकीची मुलं का गळतात? पैसे नाहीत हे एक कारण. पण पैशांच्याही आधी एक गोष्ट आडवी येते. ती म्हणजे कागद.

दाखल्याची किंमत तळोज्याला विचारा

तुम्ही महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरला असेल तर आठवून बघा. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, दहावी-बारावीची मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट. एक कागद कमी पडला तर पनवेलच्या तहसील कार्यालयाच्या चकरा ठरलेल्या. आपली घरं जागेवर आहेत, वडिलांचं रेशन कार्ड कपाटात आहे, तरीही आपली ही अवस्था होते.

आपल्या भागातल्या जुन्या घरांना तर हे आणखी चांगलं कळतं. नवी मुंबई वसवण्यासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. ज्यांची शेती गेली, त्या घरांत आजही एक दाखला सगळ्यात वरच्या कप्प्यात जपून ठेवलेला असतो. प्रकल्पग्रस्ताचा दाखला. साडेबारा टक्क्यांचा भूखंड असो की नोकरीतली राखीव जागा, आधी कागद दाखवावा लागतो. आपली माणसं निर्वासित नव्हती. देश त्यांचाच होता, मोर्चा काढायला रस्ता होता आणि बाजू मांडायला दि. बा. पाटलांसारखा नेता होता. पण 'हा दाखला नसता तर आपलं काय झालं असतं' हा विचार तुमच्या आजोबांनी नक्की केला असेल.

आता समजा, रात्रीतून घर सोडावं लागलंय आणि मार्कशीटची फाइल आणायची राहून गेली. जिथून पास झालात ते विद्यापीठ तुमच्या पत्राला उत्तर देत नाही. आणि नवीन देशातल्या कॉलेजचा क्लार्क म्हणतोय, "ओरिजिनल आणा, मग बघू." दोष क्लार्कचाही नाही, त्याच्याकडच्या यादीत तसंच लिहिलेलं असतं.

आपल्याकडे कोण आहेत?

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा असा कायदाही आपल्याकडे नाही. त्यामुळे कोण कुठून आलं यावर त्याच्या हातातला कागद ठरतो, आणि त्या कागदावर पुढचं सगळं.

तिबेटी कुटुंबांकडे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट असतं. त्याला ते 'आरसी' म्हणतात आणि ठरावीक मुदतीनं त्याचं नूतनीकरण करावं लागतं. महाराष्ट्रातही त्यांची वसाहत आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात नॉर्गेलिंग नावाची वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. तिथली नवी पिढी इथंच जन्मली आणि वाढली. त्यांच्यासाठी धरमशालेच्या केंद्रीय तिबेटी प्रशासनाचा शिक्षण विभाग आहे, तो पदवीच्या मुलांना स्कॉलरशिप देतो. आपल्यामागे उभी राहणारी एक व्यवस्था असली की किती फरक पडतो, याचं हे चांगलं उदाहरण.

पुण्यात शिकणारे अफगाण विद्यार्थी ही दुसरी गोष्ट. त्यातले बरेच जण आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या स्कॉलरशिपवर आलेले. ते विद्यार्थी व्हिसावर येतात, म्हणजे कागदोपत्री ते निर्वासित नव्हेतच. पण १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हातात गेलं आणि शिकायला आलेल्या मुलांचं परतीचं गाव एका दिवसात बदललं. डिसेंबर २०२२ मध्ये तिथं मुलींना विद्यापीठाचे दरवाजेच बंद झाले. अशा वेळी इथं शेवटच्या सेमिस्टरला असलेल्या मुलीनं काय करायचं? डिग्री संपली की व्हिसा संपतो. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. परदेशी विद्यार्थ्यांची फी आपल्या फीच्या कित्येक पट असते. म्हणून पुढच्या कोर्सची स्कॉलरशिप तिच्यासाठी फक्त करिअरचा प्रश्न राहत नाही. राहायचं कुठं, हेच त्यावर ठरतं.

तिसरा गट यूएनएचसीआरचं कार्ड असलेल्यांचा. त्यांची नोंदणी दिल्ली आणि चेन्नईच्या कार्यालयांतून होते. या कार्डावर आधार मिळत नाही आणि आधार नसलं की आपल्याकडचे निम्मे ऑनलाइन फॉर्म पहिल्याच पानावर थांबतात. मात्र ज्यांना केंद्र सरकारकडून लाँग टर्म व्हिसा मिळतो, त्यांना कुठल्याही शैक्षणिक संस्थेत शिकायची परवानगी आहे. ही तरतूद २०११ पासूनची, पण अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर ती सगळ्यांना ठाऊक असतेच असं नाही.

सिंधी निर्वासितांशी तुलना इथं नीट करायला हवी. ते आले आणि या देशाचे नागरिक झाले, राज्यघटनेच्या सहाव्या कलमात त्यांच्यासारख्यांची सोय केलेली आहे. त्यांची हिंमत मोठी होतीच, पण त्या हिंमतीखाली नागरिकत्वाचा कागदही होता. आजच्या निर्वासिताकडे तोच नाही.

दार कसं उघडतं?

उपाय नाहीत असं अजिबात नाही. डाफी ही यूएनएचसीआरची स्कॉलरशिप १९९२ पासून सुरू आहे. जर्मनीच्या पैशांतून ती सुरू झाली आणि तिला नाव दिलंय अल्बर्ट आइनस्टाइनचं, जो स्वतः निर्वासित होता. निर्वासित मुलं ज्या देशात राहतात त्याच देशात पदवी घ्यायला ती मदत करते. आतापर्यंत २५ हजारांहून जास्त जणांनी तिचा फायदा घेतलाय. भारतातल्या निर्वासितांनाही ती मिळते.

कागद हरवलेल्यांसाठी युरोपनं एक साधी युक्ती काढली. कौन्सिल ऑफ युरोपच्या 'क्वालिफिकेशन्स पासपोर्ट'मध्ये तज्ज्ञ त्या मुलाची मुलाखत घेतात, जे काही तुटकफुटक कागद असतील ते तपासतात आणि 'हा अमुक इतकं शिकलेला आहे' असं लिहून देतात. थेट अ‍ॅडमिशनची हमी त्यात नाही, पण बोलणं तरी सुरू होतं. युनेस्कोनंही पुढे असाच पासपोर्ट आणला. आपल्याकडे परदेशी शिक्षणाची समकक्षता बराच काळ भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू ठरवत असे. तिथं अर्ज करताना मूळ कागद लागतच.

आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट कॅनडातली. वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस ऑफ कॅनडाची एक योजना १९७८ पासून चालते. अनेक कॅम्पसवर विद्यार्थ्यांनी मतदान करून ठरवलंय की आपल्या फीमध्ये थोडीशी रक्कम जास्त भरायची. एका चहा-वडापावची म्हणा ना! त्या पैशांतून निर्वासित विद्यार्थ्याला कॅनडात बोलावलं जातं. तो विमानतळावर उतरला की त्याला घ्यायला कॉलेजचीच मुलं जातात. बँक खातं, बसचा पास, लायब्ररी कार्ड, सगळं तीच दाखवतात. अशा प्रकारे दोन हजारांहून जास्त जण शिकलेत.

तुम्ही काय करू शकता?

'आम्ही काय करणार, आमचीच फी भरताना नाकी नऊ येतात' असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण या प्रश्नात पैशांइतकीच गरज फॉर्म भरता येणाऱ्या माणसाची असते, आणि त्यात आपली पिढी तरबेज आहे. तुमच्या वर्गात, हॉस्टेलमध्ये किंवा सोसायटीत असं कुणी असेल तर एवढं नक्की करा.

पहिलं, त्याच्याकडे नेमका कोणता कागद आहे ते समजून घ्या. विद्यार्थी व्हिसा, आरसी, लाँग टर्म व्हिसा की यूएनएचसीआरचं कार्ड? प्रत्येकाचं दार वेगळं आहे. चुकीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरण्यात अख्खं वर्ष जातं.

दुसरं, जे कागद हातात आहेत ते आजच स्कॅन करून ईमेलवर आणि ड्राइव्हवर ठेवायला सांगा. मोबाइलमधला मार्कशीटचा जुना फोटोसुद्धा टाकाऊ नसतो.

तिसरं, कॉलेजच्या ऑफिसात सोबत जा. तुम्हाला मराठी येतं, त्याला येत नाही. 'साहेब जेवायला गेलेत, तीनला या' याचा खरा अर्थ तुम्हाला कळतो, त्याला नाही. एनएसएसच्या युनिटनं दोन जणांना हे काम दिलं तरी पुष्कळ झालं.

चौथं, स्कॉलरशिप शोधताना यूएनएचसीआरचं ऑपॉर्च्युनिटीज पोर्टल बघा, तिथं तपासलेल्या संधींची यादी असते. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, यूएनएचसीआर कुठल्याही कामाचे पैसे घेत नाही. 'पाच हजार द्या, कार्ड करून देतो' म्हणणारा एजंट सरळ सरळ फसवतोय.

पाचवं, मदत केली म्हणून त्याच्यासोबतची स्टोरी टाकू नका. त्याचे आईवडील अजून मागे राहिलेले असू शकतात आणि इथल्या एका फोटोची किंमत त्यांना तिथं मोजावी लागू शकते.

एवढं करून मिळणार काय, असं कुणी विचारलंच तर एक नाव सांगा. फाळणीत घर गमावलेला, सीमेपलीकडच्या गाह गावचा एक मुलगा अमृतसरच्या हिंदू कॉलेजात शिकला, स्कॉलरशिपवर केंब्रिजला गेला आणि पुढे दहा वर्षं या देशाचा पंतप्रधान होता. डॉ. मनमोहन सिंग. प्रत्येक जण मनमोहन सिंग होणार नाही हे उघड आहे, व्हायची गरजही नाही. एखादी नर्स होईल, एखादा अकाउंटंट होईल. कुणी पुन्हा एखादं कॉलेज काढेल, ज्यात तुमची मुलं शिकतील.

आता अ‍ॅडमिशनच्या निमित्तानं कॉलेजच्या ऑफिसात जाणं होईलच. रांगेत तुमचा नंबर आला की स्वतःचं काम झाल्यावर एक प्रश्न जास्तीचा विचारा. "सर, एखाद्या निर्वासित मुलाकडे ओरिजिनल मार्कशीट नसेल, तर आपल्याकडे त्याची अ‍ॅडमिशन कशी होते?" कदाचित उत्तर मिळणार नाही. मग तोच प्रश्न लिहून प्राचार्यांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.