सहस्रकुंडाची वाट वारंगा फाट्यावरून

अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडला जाणारा महामार्ग आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग कळमनुरी तालुक्यातल्या वारंगा फाट्यावर एकत्र येतात. गाडी थांबली की प्रवासी आधी खिचडी-भज्यांचं हॉटेल गाठतात. पावसाळ्यात गरमागरम खिचडी आणि भज्यांची बशी समोर असताना हमखास निघणारा विषय म्हणजे सहस्रकुंड.

पैनगंगेवरचा हा धबधबा नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. अलीकडे किनवट तालुक्यातलं इस्लापूर, पलीकडे उमरखेड तालुक्यातलं मुरली. म्हणजे एक काठ मराठवाड्याचा, दुसरा विदर्भाचा. काळ्या कातळावरून नदी अनेक धारांनी खाली झेपावते. परशुरामाच्या बाणाने तिच्या हजार धारा झाल्या, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात धारा किती दिसतील, हे मात्र इसापूर धरण ठरवतं.

कळमनुरी आणि पुसद तालुक्यांच्या सीमेवरच्या या धरणात पैनगंगा अडवली आहे. दरवाजे उघडले की खाली सहस्रकुंड गर्जतं, आणि पूर मोठा असेल तर कातळच बुडून सगळ्या धारांचा एकच गढूळ लोंढा होतो. धरण भरलं नसेल तर मधल्या ओढ्यानाल्यांच्या पाण्यावर भागवावं लागतं. म्हणून निघण्याआधी नकाशा नंतर बघा, इसापूरच्या विसर्गाची बातमी आधी वाचा.

फाट्यावरून हदगाव, हिमायतनगर आणि इस्लापूर ही सोयीची वाट. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्थानकही आहे. मुरलीच्या काठाला जायचं तर हदगावहून उमरखेड गाठायचं. एका दिवसात दोन्ही काठ करण्याचा हट्ट नको; त्यात वेळ रस्त्यातच जातो.

हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, पण परिसरात पैनगंगा अभयारण्याचं सागवानी जंगल आहे. 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ वाघ याच टापूतून आणि हिंगोली जिल्ह्यातून पुढे बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. फोटोसाठी थांबणाऱ्यांना एवढी जाणीव असलेली बरी.

उन्हाळ्यात इथे उघडा कातळच बघावा लागतो. ऑगस्ट-सप्टेंबर हेच खरे दिवस. विसर्ग सुरू असताना पाणी बघता बघता वाढतं, तेव्हा कातळावर उतरू नका.