नवऱ्याकडे अमेरिकेला जाताना वाटेत फिरायचंय?

गंगापूर रोडवरच्या एका भाचीचा अमेरिकेचा इमिग्रंट व्हिसा मुंबईहून आला. नवरा वाटेत भेटणार, दोघं इस्तंबूल बघून मग पुढे जाणार. तिने विचारलं, "मामा, चालेल ना?"

चालतं. तुम्ही थेटच गेलं पाहिजे, असा नियम नाही. मात्र व्हिसाची मुदत संपण्याआधी अमेरिकेत प्रवेश झाला पाहिजे. ही मुदत बहुधा सहा महिने असते, पण मेडिकल जुनं असेल तर कमीही मिळते. म्हणून तिकीट काढण्याआधी पासपोर्टातली तारीख बघा आणि विमान चुकलं तरी हाताशी दिवस राहतील असं बघा.

आता फार कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड 2 वर्षांचं आणि सशर्त मिळतं. झाली असतील तर 10 वर्षांचं. लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ आला असेल, तर वाटेतली सुट्टी थोडी लांबवण्यात खरंच शहाणपण आहे! विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख आवर्जून सांगा.

कॉन्सुलेटने सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते फोडू नका. पाकीट आणि एक्स-रे हातातल्या बॅगेतच ठेवा.

अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची तपासणी तिथेच होते, त्यामुळे तिथलं फिरणं त्याआधी उरका.

वाटेतल्या देशाचा व्हिसा वेगळा लागतो का, हे त्या देशाच्या अधिकृत साइटवरच तपासा.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.