मेंढपाळाचा राखणदार : कांगाल श्वानाचा स्वभाव व संगोपन

केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना परिपत्रक पाठवून श्वानांच्या २३ जाती हिंस्र ठरविल्या आणि त्यांची आयात, पैदास व पाळण्यासाठी होणारी विक्री रोखण्याची सूचना केली. या यादीत तुर्कस्तानातील कांगाल व अकबाश यांचाही समावेश होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्दबातल ठरविले. त्यातील कायद्याची बाजू हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मात्र ज्या श्वानाच्या भरवशावर मेंढपाळ कळप सोडून निजतो, त्याला हिंस्र का म्हटले जावे, हा प्रश्न विचारार्ह आहे.

कांगाल हे नाव तुर्कस्तानच्या सिवास प्रांतातील एका गावावरून पडले. मराठीतील ‘कंगाल’ शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्याजवळील उंची सुमारे ७५ ते ८० सेंटिमीटर आणि वजन ५० ते ६५ किलो असते. अंग फिकट पिवळसर, तोंड काळे, शेपटी पाठीवर वळलेली. लांडगा प्रथम मानेचा वेध घेतो म्हणून तेथील मेंढपाळ त्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात.

मेंढ्या हाकणारा श्वान आणि मेंढ्या राखणारा श्वान यांत आपल्याकडे फारसा भेद केला जात नाही. हाकणारा श्वान कळपावर नजर रोखतो, मागे धावतो. त्याच्या कामात शिकारीच्या वृत्तीचाच संयमित उपयोग असतो. राखणाऱ्यात ती वृत्ती मंद असावी लागते. रेमंड व लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा श्वानांचे निरीक्षण केले आणि कळपाला इजा न करणे, कळपाबरोबर राहणे व संकटात आड येणे हे तीन गुण महत्त्वाचे मानले. हे गुण केवळ रक्तातून येत नाहीत. पिलू पहिल्या तीन-चार महिन्यांत ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांनाच ते आपले मानते. पुढे परका प्राणी दिसला की ते आधी भुंकते, मग मध्ये उभे राहते; चावा हा शेवटचा उपाय असतो. मात्र हे सर्व ते स्वतःच्या निर्णयाने करते. धनी दूर असताना हुकमाची वाट पाहणारा राखणदार मेंढपाळाच्या काय कामाचा? हाच स्वतंत्र बाणा शहरी बंगल्यात धोक्याचा ठरतो. तेथे कळप नसतो, सीमा ठरलेली नसते आणि फाटकाशी येणारा प्रत्येक माणूस परका असतो. तेव्हा दोष जातीपेक्षा जागेचा अधिक आहे.

नाशिक जिल्ह्यात हे नाते परके नाही. सिन्नर, येवला, नांदगाव या कोरडवाहू तालुक्यांत धनगरांचे वाडे फिरत असतात. पीक निघाल्यावर खतासाठी शेतात मेंढ्या बसविल्या जातात. रात्री त्यांच्याभोवती वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, आणि कुंपणाबाहेर कुत्री. या कुत्र्यांना जातीचे नाव नाही, खुराक भाकरीचा. कांगालच्या तुलनेत ती लहानखुरी असतात; लांडग्याशी झुंजण्यापेक्षा धनगराला जागे करणे हेच त्यांचे खरे काम होय.

येथे कांगाल आणावा, असे कोणास वाटेल. नामिबियात चित्त्यांपासून शेळ्या-मेंढ्या वाचविण्यासाठी १९९४ पासून याच कुळातील अनातोलियन श्वान शेतकऱ्यांना देण्यात आले व ते उपयुक्त ठरले. पण चित्ता सामना टाळतो. निफाडच्या उसातील बिबट्या दबा धरून येतो आणि कुत्रा हे त्याचे भक्ष्यच आहे. नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहारावर विद्या अत्रेय व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव-भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला. एकटा कुत्रा, कितीही थोराड असला तरी, येथे पुरेसा नाही. दोन-तीन कुत्री, भक्कम कुंपण आणि जागा माणूस यांची जोड हवी.

संगोपनाच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. थोराड जातीचे पिलू लवकर मोठे व्हावे म्हणून त्याला अति खुराक व वरून कॅल्शियम दिले जाते. त्यामुळे हाडे-सांधे बिघडतात. वाढ सावकाशच होऊ द्यावी. खोल छातीच्या श्वानांत जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून एकदम भरपेट जेवण आणि लगेच धावपळ टाळावी. उन्हाळ्यात केस भादरू नयेत. दुहेरी केसांचा थर उन्हापासूनही संरक्षण करतो. सावली आणि मुबलक पाणी मात्र हवेच. गोचिडांमुळे होणारे ताप आपल्याकडे वारंवार दिसतात.

रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, पुढे दरवर्षी. कांगालचा शहरी धनी ती टोचून घेईलही. प्रश्न वाड्यावरच्या कुत्र्यांचा आहे. गावात लसीकरण शिबिर भरते त्या दिवशी वाडा दुसऱ्याच शिवारात असू शकतो. याच कुत्र्यांमार्फत रेबीज आणि डिस्टेंपर माळावरच्या लांडगा-कोल्ह्यांपर्यंतही पोहोचू शकतात. त्यामुळे पशुवैद्यकीय दवाखान्यांनी गावांच्या यादीऐवजी धनगरांच्या फिरतीच्या वाटा व मुक्काम पाहून लसीकरणाचे वेळापत्रक आखणे अधिक उपयुक्त ठरेल.